फोनोला काटा लावल्याबद्दल

चिखली,
ता. १० फेब्रुवारी १९६४

तीर्थस्वरूप हिंमतराव ________ यांच्या चरणी त्र्यंबकचा साष्टांग नमस्कार.

(वरची जागा चुकून कोरी राहिलेली नाही. संक्रांतीनंतरच्या बाजाराच्या दिवशी तुम्ही आमच्या कापसाच्या जिनिंगच्या फाटकात उभे राहून मला बजावलेत की आजपासून मला मामा म्हणायचे नाही. तुमची आज्ञा मोडवत नाही, आणि नुसते ‘हिंमतराव’ लिहायला हात धजत नाही. म्हणून दोन अक्षरे बसतील एवढी जागा मोजून सोडली आहे. ती भरायची की तशीच ठेवायची, हे सर्वस्वी तुमच्या हाती.)

इकडे मी खुशाल आहे. तुमचा उजवा गुडघा, मामींचा खोकला आणि तांबड्या गाईचे पोट, हे तिन्ही आता बरे असतील अशी आशा करतो. (मामींना मामी म्हणायला बंदी आहे किंवा नाही हे त्या गडबडीत विचारायचे राहून गेले. असल्यास तो शब्द खोडून वाचावा.) वडील गेल्यापासून तुमच्याच घरी वाढलो, सातवीला गणितात दोनदा नापास झालो तरी तुम्ही घराबाहेर काढले नाहीत, उलट शंकरराव मॅनेजरांपुढे उभे राहून ‘पोरगं भित्रं आहे पण इमानी आहे’ अशी हमी देऊन मला जिनिंगमध्ये तेलवाल्याच्या कामावर लावलेत. इतक्या वर्षांत जो शब्द तोंडात बसला तो तीन आठवडे तोंडातच अडकून राहिला आहे. परवा तर मुकादमाने कोणाचा आहेस रे तू, असे सहज विचारले, आणि मी तेल संपले असे सांगून भरलेलीच डबी पुन्हा भरायला गेलो.

सर्वांत आधी काळजीची गोष्ट सांगून मोकळा होतो. फोनो सुखरूप आहे. पेटीवर ओरखडा नाही, चावी नीट फिरते, तबकावरचे हिरवे बनातीचे कापड जसेच्या तसे आहे, साउंडबॉक्सची अभ्रकाची चकती शाबूत आहे. दर रविवारी कोरड्या फडक्याने पुसतो. तुम्ही घातलेल्या अटी (तेलकट हात लावायचा नाही, चावीचे पंचवीसच फेरे द्यायचे, दर तबकडीला नवी पिन लावायची) मी कागदावर लिहून झाकणाच्या आत चिकटवल्या आहेत. आता तुम्ही म्हणाल, मग पिनेच्या जागी बाभळीचा काटा कसा दिसला? ते समजावून सांगायचे तर पोळ्यापासून सुरुवात करावी लागेल. कृपा करून पत्र मध्येच फाडू नये.

आमच्या मंडळाची खरी हकीकत तुम्हाला कोणी सांगितलेली नाही. पाटीवर ‘भजनी मंडळ’ लिहिले आहे ते शंकररावांसाठी, कारण भजनाला नाही म्हणणे त्यांच्या जिवावर येते. प्रत्यक्षात आम्ही पाचजण सीझनभर कामाच्या जागी कामाचीच गाणी म्हणतो. मनकर्णाबाई यंत्रात कापूस सोडता सोडता गाणे रचते आणि पहिली ओळ उचलते. रंगराव फिटर पान्याने खांबावर ठोकतो. दोघे हमाल भाऊ आहेत, ते फक्त ‘हाव जी’ एवढेच म्हणतात, पण दोघे मिळून म्हणतात त्यामुळे भरदार वाटते. मी सेक्रेटरी, अक्षर बरे असल्यामुळे. आणि सहावे आमचे इंजिन. ते दिवसभर ठुक ठुक करते. त्याच्या मोठ्या पट्ट्याला एके ठिकाणी सांधा मारलेला आहे. तो सांधा चाकावरून गेला की ‘टप’ असा आवाज येतो. सहा ठुक आणि एक टप, याच चालीवर आमची सगळी गाणी बसलेली आहेत. एकदा एका आश्रमातला तबलजी आमच्यात बसायला आला होता. अर्धा तास त्याने डोळे मिटून मोजले, मग तबला पिशवीत घातला आणि पाणी पिऊन निघून गेला.

गेल्या उन्हाळ्यात सीझन संपला तेव्हा एक नवीनच अडचण समजली. मनकर्णाबाई आपल्या गावी गेली, तिथे बायकांनी तिला गाणे म्हणायचा आग्रह केला आणि तिला एक ओळ म्हणता येईना. मागे इंजिन नव्हते ना. हमाल भाऊ तर म्हणाले की आम्हाला घरी ‘हाव जी’ म्हणायचे सुद्धा सुचत नाही, बायको दोनदोनदा विचारते. त्यातच बातमी आली की शेठजी या होळीनंतर इंजिन काढून विजेच्या मोटारी बसवणार आहेत. मोटार मी मुद्दाम जाऊन ऐकून आलो. ती नुसती ‘ऊं’ करते. ऊं वर काय गाणार? म्हणजे इंजिन गेले की आमचे मंडळही गेले. म्हणून ठरले, की आवाज तबकडीवर घेऊन ठेवायचा.

इथे लाउडस्पीकरवाले पंजाबराव आहेत, लग्नात कर्णे लावतात ते. त्यांनी कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीचे एक यंत्र आणून ठेवले आहे. कोरी काळी तबकडी फिरते आणि समोर जे बोलाल ते सुईने तिच्यावर कोरले जाते. तीन मिनिटे पुरते. मात्र कोरलेले ऐकायची त्यांच्या यंत्राची बाजू मोडलेली आहे, त्यामुळे फोनो हवा होता, आणि पंचक्रोशीत नीट ठेवलेला फोनो तुमचाच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी अमडापूरला येऊन तो चार दिवसांच्या बोलीवर मागून नेला. (चार दिवसांचे पाच महिने झाले हे मला मान्य आहे. यावर मी काहीही लिहीत नाही.)

पहिली तबकडी आम्ही भाद्रपदात केली, पंजाबरावांच्या दुकानामागच्या खोलीत. जिनिंग बंदच होते. पंजाबरावांनी आवाज बाहेरून येऊ नये म्हणून दारेखिडक्यांना घोंगड्या लावल्या, आणि तिथेच घात झाला. एवढी शांतता आम्ही पाचजणांनी एकत्र कधी ऐकली नव्हती. मनकर्णाबाईने सुरुवात केली ती रंगरावला समजलीच नाही, त्याने आपली वेगळी केली, हमाल भाऊ कशाला हाव म्हणावे या विचारात राहिले. शिवाय सगळ्यांना इंजिनाच्या वरून ओरडायची सवय, ती खोलीत गेल्याने काय जाते? पहिल्याच ओळीला सुई उडून बाजूला पडली. पंजाबराव म्हणाले, “अबे, मी तुमच्या तोंडापुढेच हाओ, बुलढाण्यात नाही!” दुसऱ्या खेपेला सगळे इतके हळू बोलले की तबकडीत रंगरावच्या घशातला घोट तेवढा स्पष्ट ऐकू येतो. ही तबकडी तुमच्या फोनोवर एकदाच लावली, नवी पिन घालून, पंचवीस फेरे देऊन. पाच माणसे पाच निरनिराळ्या विहिरींत पडली आहेत आणि एकमेकांना हाका मारत आहेत असे ऐकू आले. मनकर्णाबाई उठून म्हणाली, “हे आपन नाही,” आणि चहा न घेता गेली.

मग रंगरावचे डोके चालले. त्याचे म्हणणे पडले की आपल्याला गळा नव्हे, लोखंड कमी पडते आहे. दसऱ्यापर्यंत त्याने कारखान्याच्या भंगारातून गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्या, तुटलेल्या दांड्याचा हातभर तुकडा (तो दोरीने आढ्याला टांगला), दोन रिकामे तेलाचे डबे आणि एक पत्रा असे जमवले, आणि आम्हा सगळ्यांना काही ना काही ठोकायला दिले. दुसरी तबकडी अशी झाली. यात गाणे जवळजवळ नाहीच. मला ती मनापासून भीतिदायक वाटली, पण ताल जुळला होता एवढे खरे. पंजाबरावांना मात्र ती फार आवडली. त्यांनी फोनोच्या तोंडाशी माईक धरून ती बाजाराच्या दिवशी लाउडस्पीकरवर लावली. दहा मिनिटांत तीन बायका पितळी भांडी घेऊन दुकानासमोर येऊन उभ्या राहिल्या, कल्हईवाला कुठे बसला म्हणून विचारत. त्यातल्या एकीने तर घंगाळ आणले होते. कोणी नाही असे सांगितले तर ती ऐकेना, “मंग हे कोन ठोकून राह्यलं?” म्हणाली. शेवटी रंगरावने तिच्या घंगाळाचे कान बसवून दिले तेव्हा ती गेली.

याच सुमारास काट्याचा प्रश्न उभा राहिला. आता इथे कृपा करून सावकाश वाचावे. तुमच्या विकतच्या तबकड्या टणक असतात, त्यांना लोखंडी पिन चालते. या कोरलेल्या तबकड्या मऊ असतात, मेणापेक्षा थोड्या कडक. पिन लावली की ती आवाज वाजवता वाजवताच खरवडून काढते. दुसरी तबकडी पाचव्या वेळेला लावली तेव्हा पिनेवर काळा केसांसारखा गुंता निघाला आणि पत्र्याचा आवाज नाहीसा झाला. म्हणजे तो गुंता हाच पत्र्याचा आवाज होता. मला रडू आले. तेव्हा पंजाबरावांनी सांगितले की पिनेऐवजी काटा लावा, काटा मऊ, तो स्वतः झिजतो पण तबकडीला सोडतो. मी सहा झाडांचे काटे आणून पाहिले. बोरीचा वाकतो, निवडुंगाचा मोडतो. बाभळीचा वाळलेला, सरळ, दीड बोटाचा काटा तेवढा बरोबर बसतो. तो मी साउंडबॉक्समध्ये घालताना आधी हात साबणाने धुतो. तुमच्या फोनोचा यात अपमान नाही. पिनेची अट मोडली हे मात्र खरे, आणि तसे पत्र टाकून तुमची परवानगी मागायला हवी होती. तीन वेळा लिहिले आणि तिन्ही वेळा तुम्ही नाही म्हणाल या भीतीने फाडले.

तिसऱ्या तबकडीच्या वेळी सीझन सुरू झाला होता आणि एक साधी गोष्ट आमच्या लक्षात आली, जी पहिल्या दिवशी यायला हवी होती. इंजिन खोलीत नेता येत नाही, पण पंजाबरावांचे यंत्र इंजिनापाशी आणता येते. शंकररावांनी एका अटीवर परवानगी दिली, की काम एक मिनिटही थांबता कामा नये. त्याप्रमाणे संक्रांतीनंतरच्या बाजाराच्या दिवशी पंजाबराव ट्रकच्या दोन बॅटऱ्या, माईक आणि यंत्र घेऊन आले. तुमचा फोनो मी रुईच्या गाठीवर स्वच्छ धोतर अंथरून ठेवला होता, तयार झालेली तबकडी लगेच तपासण्यासाठी, काटा लावून. मनकर्णाबाई आपल्या जागेवरूनच गात होती. माझ्याकडे एक वेगळे काम होते. चार नंबरचे बेअरिंग तेल कमी पडले की बारीक कुरकुरते, आणि मनकर्णाबाई म्हणते की ते तिच्या सुरात कुरकुरते. म्हणून त्याला सकाळपासून मी तेल घातले नव्हते. तेलवाल्याने बेअरिंग जाणूनबुजून कोरडे ठेवणे हे किती मोठे पाप आहे ते तुम्हाला कळेल, कारण हमी तुमची होती. माझे लक्ष पूर्ण वेळ त्याच्यावर होते, हात लावून ऊन लागते का पाहत होतो.

एक अडचण मात्र शेवटपर्यंत सुटली नव्हती. आमच्या गाण्यांना शेवटच नाही. सकाळी इंजिन सुरू होते तेव्हा आम्ही सुरू होतो आणि संध्याकाळी ते थांबते तेव्हा थांबतो. तीन मिनिटांत कुठे थांबायचे? मागच्या दोन्ही तबकड्या मध्येच तुटून संपतात. मनकर्णाबाईने यावर उपाय म्हणून नवी ओळ रचली होती. ‘सरकी गेली सासरले, रुई राह्यली माहेरले’ हे झाल्यावर ‘इंजिन दादा, दम घे जरासा’ असे ती म्हणणार, आणि मग सगळ्यांनी गप्प व्हायचे. पण गप्प होऊन काय उपयोग? इंजिन दादा दम घेत नाही. तो ठुक ठुक करीतच राहणार.

त्याच वेळी तुम्ही आलात.

तुमच्या बाजूने पाहिले तर सगळे समजते. पाच महिने झालेला फोनो परत न्यायला माणूस येतो आणि पाहतो तर फोनो कापसाच्या गाठीवर, भोवती धूळ, आणि साउंडबॉक्सला बाभळीचा काटा. तुम्ही जे ओरडलात ते इंजिनाच्या वरून ऐकू आले. आजपर्यंत इंजिनाच्या वर फक्त कारखान्याचा भोंगा ऐकू आलेला आहे. पंजाबरावांचा माईक नेमका तुमच्या बाजूला होता आणि तबकडी फिरत होती. मनकर्णाबाईने ‘इंजिन दादा, दम घे जरासा’ म्हटले, आणि पुढे जे कोरले गेले ते असे: “अबे तिरमक! काऊन बे! माह्या फोनोले काटा लावला? बंद करा! बंद करा बे हे सारं!” इंजिनवाल्याने वळून पाहिले. मोठा फेटा, काठी, कोसा रेशमाचा कोट आणि तो आवाज. त्याला वाटले शेठजींचे मोठे भाऊ आले. त्याने हात पुढे केला आणि इंजिन बंद केले.

तुम्ही तर तिथून पाय आपटत फाटकाकडे निघालात, मी मागे धावलो, पुढचे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही रागात फोनोही न घेताच गेलात. मी परत आलो तेव्हा शंकरराव आत उभे होते. काम अकरा मिनिटे थांबले होते. त्यांनी विचारले, कोण होते ते? मी म्हणालो, मामा. आणि म्हटल्यावर आठवले की मघाशीच बंदी झाली आहे, म्हणून मी पुन्हा म्हणालो, कोणी नाही. शंकररावांनी खिशातून घड्याळ काढून पाहिले. माझी नोकरी गेली असे मी मनात धरले आणि आधी जाऊन चार नंबरला तेल घातले.

मग पंजाबरावांनी तबकडी फोनोवर ठेवली. मी हात धुऊन नवा काटा लावला. आधी इंजिन आले, सहा ठुक, एक टप. मग चार नंबर बारीक आवाजात. मग मनकर्णाबाई, जशी रोज असते तशी, लांबून आणि वरून. रंगरावचा पाना. हाव जी. आणि मग तुम्ही. तुमचे पहिले ‘बंद करा’ सहाव्या ठुकवर येते आणि दुसरे बरोबर टप वर. मी तेरा वेळा मोजून पाहिले आहे (मनात, तबकडी तेरा वेळा लावलेली नाही). तुमच्या नंतर इंजिन मंद होत जाते, ठुक, ठुक, बराच वेळ काही नाही, मग एक शेवटचा टप. मग नुसती शांतता, आणि तबकडी संपते. मनकर्णाबाईने पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, “हे आपन हाओत.” रंगराव म्हणाला, “बुढ्यानं गानं पुरं केलं राजा.” (बुढा हा शब्द त्याचा आहे.) शंकररावांनी पुन्हा लावायला सांगितले. अठरा वर्षे हे इंजिन ऐकतो पण ते थांबताना कधी कान देऊन ऐकले नव्हते, एवढेच ते बोलले, आणि माझ्या नोकरीबद्दल काहीच बोलले नाहीत. म्हणून त्या रात्री मला जेवण तरी गेले.

गेल्या आठवड्यात मामी बाजाराला आल्या होत्या, त्यांनाही ऐकवली. त्या तुमच्या जागेपर्यंत गंभीर बसल्या होत्या. मग पदरात तोंड घालून हसल्या आणि तबकडीकडे बोट करून म्हणाल्या, “याच्यासाठी तवा कायले लागते रे? मी तीस वर्सं झाले आयकून राह्यली.” (तुम्ही मध्यंतरी गोठ्यात खुंटा ठोकत होता तेव्हा सहा ठोके खुंट्यावर आणि सातवा शेजारच्या बादलीवर मारलात, आणि असे तीनदा झाले, असे त्यांनी सांगितले. हे तुम्हाला कळवू नको म्हणून त्यांनी बजावले आहे, म्हणून कंसात लिहितो.)

हा काटा, ही पहिली-दुसरी-तिसरी, सगळे खरे खरे लिहिले आहे. पत्र कुठे संपवावे हे मलाही नीट समजत नाही, आमच्या मंडळाची खोडच आहे ती. पंजाबरावांच्या मते ही तबकडी काट्यावर अजून आठ वेळा वाजेल. त्यातल्या दोन वेळा तुमच्यासाठी राखून ठेवल्या आहेत, एक रागाने ऐकण्यासाठी आणि एक राग गेल्यावर. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, तांबडीच्या पाठीवर हात फिरवावा.

आपला ________ (ही जागा पण दोन अक्षरांची आहे),
त्र्यंबक

ता. क. पत्राचे मुख्य काम लिहायचे राहिले. होळीच्या आधी इंजिनाचे शेवटचे काम आहे आणि त्या दिवशी चौथी तबकडी करायचे ठरले आहे. गाणे तयार आहे, शेवट नाही. रंगरावने ओरडून पाहिले, पंजाबरावांनी पाहिले, शंकररावांनी सुद्धा दार लावून घेऊन एकदा पाहिले. इंजिनवाल्याचा हात हलत नाही. तो म्हणतो, “त्या फेटेवाल्याले बलवा.” तरी आपण यावे अशी सर्वांची हात जोडून विनंती आहे. काम थांबवण्याची परवानगी शंकररावांनी या खेपेला लेखी दिली आहे.

ता. क. दुसरा. तुम्ही शांतपणे आलात तर उपयोग नाही हे मंडळाच्या लक्षात आले आहे. तेव्हा सांगणे भाग आहे. पत्राच्या सुरुवातीला मी पेटी, चावी, तबक आणि साउंडबॉक्स सुखरूप असल्याचे लिहिले, ते अक्षर न् अक्षर खरे आहे. फोनोच्या कर्ण्याबद्दल मी काही लिहिलेले नाही. चार नंबरची कुरकुर माईकपर्यंत पुरेशी पोहोचत नाही म्हणून तो कर्णा सध्या बेअरिंगवर तारेने बांधलेला आहे आणि त्याला थोडे तेल लागले आहे. हे वाचून जो राग येईल तो कृपया पत्रोत्तरात खर्च करू नये. तसाच जपून बरोबर आणावा, आणि मला काय म्हणायचे, काय म्हणायचे नाही, तेही माईकसमोरच सांगावे. मी तुम्हाला फाटकातूनच हाक मारीन, दोन अक्षरांची. पंजाबरावांना मी सांगून ठेवले आहे, तबकडी त्या हाकेपासून सुरू करायची.